कादंबरीतले इंग्रजी शब्द वहीत राहतात, डोक्यात राहत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चोपड्याला माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. शिक्षण बी.कॉम., तेही सगळं मराठीतून. घरात अहिराणी, गिऱ्हाइकाशी अहिराणी-मराठीची खिचडी, आणि कंपन्यांचे कॅटलॉग मात्र इंग्रजीत. ते कधी अडले नाहीत. लॅटरल, ग्रोमेट, व्हेंच्युरी, एंड कॅप यांतला एकही शब्द मी पाठ केला नव्हता. वस्तू हातात आली, तिच्यासोबत नाव आलं. म्हटलं, आता कॅटलॉगच्या पुढे जाऊ.

जळगावला जुन्या पुस्तकांच्या गाडीवर हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' साठ रुपयांत मिळालं. १९५२ चं पुस्तक, बारीक, वाक्यं छोटी. 'नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी' असं जो तो सांगतो. सांगणारे बहुतेक कोकणातले असावेत. आम्ही पाणी पाहिलं ते तापीचं, आणि या पुस्तकात पहिल्याच पानावर स्किफ, गॅफ, हार्पून.

माझी पद्धत अशी: शब्द अडला की थांबायचं, मोबाइलवर अर्थ बघायचा, वहीत तीन रकान्यांत शब्द, उच्चार, मराठी अर्थ लिहायचा. शंभर पानी वही भरत आली. परवा सहज मागची पानं चाळली तर 'गॅफ' तीन वेळा लिहिलेला. तीन वेगळ्या तारखा, तीच शाई, तोच अर्थ. एकदाही आठवलं नाही की हा आपण आधी लिहिलाय. पुस्तकातल्या त्या म्हाताऱ्या कोळ्याला ८४ दिवस मासा मिळाला नाही. माझे ११० होत आलेत.

दुसरी गंमत 'सलाओ'ची. पहिल्या परिच्छेदातच येतो. इंग्रजी शब्दकोशात दहा मिनिटं शोधला, सापडेना. सापडणार कसा, शब्द स्पॅनिश! आणि अर्थ लेखकानं त्याच वाक्यात पुढे दिलेला: अगदी टोकाचा कमनशिबी. मी शब्दाशीच थांबलो, पुढे वाचलंच नाही.

पण खरं डोकं फिरवलं ते माहितीतल्या शब्दांनी. मासा होडीला बांधायचा एक प्रसंग आहे. म्हातारा त्याला तीन ठिकाणी बांधतो: बो, स्टर्न आणि मधला थ्वार्ट. बो म्हणजे धनुष्य, स्टर्न म्हणजे कडक स्वभावाचा, थ्वार्ट म्हणजे एखाद्याचा बेत हाणून पाडणे. तिन्ही शब्द मला येतात म्हणून मी खूश, आणि वाक्याचा अर्थ काय तर धनुष्याला, कडकपणाला आणि मधल्या अडथळ्याला मासा बांधला. दोन दिवस असंच धरून चाललो होतो. नंतर कळलं की पहिला म्हणजे होडीचं पुढचं टोक (आणि उच्चार 'बो' नाही, 'बाउ'), दुसरा म्हणजे मागचं टोक आणि तिसरी बसायची आडवी फळी.

तर प्रश्न असे. प्रत्येक शब्द बघायचा की सोडून द्यायचा? सोडायचा तर कुठला? वहीतलं डोक्यात कसं जाईल? आणि जो शब्द 'येतो' असं वाटतं पण तिथे वेगळाच असतो, तो ओळखायचा कसा? पुस्तकात प्रकरणं नाहीत, सगळं सलग, त्यामुळे आज कुठे थांबावं तेही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

अवांतर: तीन वेळा लिहिलेला तो 'गॅफ' शेवटी आमच्या आप्पांमुळे डोक्यात बसला. विचारत होते, "काय वाची ऱ्हायना रे?" मी म्हटलं, लांब दांड्याला आकडा, मासा वर ओढायला. म्हणाले, "हाई ते आपली आकडी शे!" शेळ्यांसाठी बाभळीची फांदी ओढतो ती. त्यानंतर विसरलो नाही.

प्रतिसाद १

तुमचं उत्तर तुमच्या अवांतरातच आहे. 'गॅफ' तीनदा लिहून राहिला नाही, आकडी दिसल्यावर राहिला. मग वहीत मराठी अर्थाचा रकाना कशाला? तिथे तुमच्या घरातली किंवा दुकानातली वस्तू लिहा. 'फॅदम' आला असेल ना? एक फॅदम म्हणजे सहा फूट. म्हाताऱ्याची पहिली गळाची दोरी ४० फॅदम खोल, म्हणजे २४० फूट. सगळ्यात खोल १२५, म्हणजे ७५० फूट. तुमच्याकडे लोक बोअर फुटातच मोजतात. आता हा शब्द विसरून दाखवा.

किती शब्द सोडायचे याबद्दल: पॉल नेशन या अभ्यासकाचा २००६ चा हिशेब असा की कादंबरी शब्दकोशाशिवाय आरामात वाचायची तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ-नऊ हजार शब्दकुळं यावी लागतात. शब्दकूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द असले तरी चालतंय. तुमच्या पानावर पंधरा असतील तर दोष तुमच्या डोक्याचा नाही, पुस्तक अजून जड आहे. तरी सोडू नका, अर्ध्याहून पुढे आलात. पेन्सिलीनं नुसती रेघ मारा आणि वाचत राहा. तीच रेघ तिसऱ्यांदा मारावी लागली की मग शब्दकोश उघडा. एकदाच येऊन गेलेल्या शब्दाला जाऊ द्या.

प्रतिसाद २

+१. वाचनखूण साठवली आहे.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत, फक्त वहीबद्दल वेगळं मत. वही फेकू नका, फोडा. एका चिठ्ठीवर एक शब्द, मागे ते अख्खं वाक्य. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरला की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, शेवटचा महिन्यातून एकदा. लाइटनर नावाच्या माणसाची ही युक्ती, १९७२ ची. मोबाइलवर अँकी नावाचं ॲप आहे, ते हेच करतं, पण दुकानात गिऱ्हाईक असताना चिठ्ठी काढणं सोपं.

स्टर्न-थ्वार्टचा घोळ ओळखायची खूण एकच: वाक्य वेडगळ वाटलं की अनोळखी शब्दाला धरू नका, ओळखीच्याला धरा. चोर घरातलाच असतो. आणि शब्दकोशात पहिला अर्थ बघून परत फिरू नका, खाली चौथ्या-पाचव्या नंबरावर होडी बसलेली असते.

पु. ल. देशपांड्यांनी याच पुस्तकाचा 'एका कोळियाने' नावानं अनुवाद केलाय. मिळवा, पण आधी इंग्रजी पाच पानं आणि मग मराठी. उलटं केलंत तर इंग्रजी उघडणार नाही, मी अनुभवाने सांगतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल दुकान बंद केल्यावर पाच पानं वाचली, रेघा अकरा, मोबाइल एकदाही उघडला नाही. हात शिवशिवत होता. ग्रोमेटचं रिकामं खोकं कप्प्यांसाठी घेतलंय, चपलांचं सापडलं नाही.

आता शार्क आलेत. रोज रात्री जेवताना आप्पांना तेवढी पानं अहिराणीत सांगावी लागतात, नाहीतर तेच विचारतात, "मासा घर लई उना का तो?" (मासा घरी घेऊन आला का तो?) तेव्हा शेवट कोणी इथे लिहू नका, निदान आठ दिवस.