जॉर्ज विटेटचं काम ओळखायचं कसं?

गवाक्ष:
मुंबईत जीपीओपासून (मुख्य टपाल कार्यालय) गेटवेपर्यंत सगळंच 'इंडो-सारासेनिक', म्हणजे भारतीय-इस्लामी घुमट-कमानी आणि युरोपीय बांधणी यांच्या मिश्र शैलीतलं, म्हणून सांगितलं जातं. त्यात ब्रिटिश वास्तुविशारद जॉर्ज विटेटचं नेमकं काय? एका सकाळी पायी काय बघून होईल? आणि या इमारतींच्या पिवळ्या दगडाचे पापुद्रे का सुटतात?

फोर्टकर:
जीपीओ वास्तुविशारद जॉन बेगचं. विटेट १९०४ला त्याच्या हाताखाली आला. ताज हॉटेल १९०३चं, म्हणजे तेही यादीतून बाद.
घुमट शोधत फिरलात तर निम्मा विटेट निसटेल. बॅलार्ड इस्टेटपासून सुरुवात करा, तिथे सगळा युरोपीय थाट. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला; आत जाऊन वर बघा, एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतील. बाहेर पडून चौक ओलांडला की कावसजी जहांगीर हॉल आणि विज्ञान संस्था. हेही त्याचंच, पण इथे विजापूर औषधालाही नाही! शेवटी गेटवे.

चुनेगच्ची:
पापुद्र्यांचं बोलतो. मालाडचा पिवळा दगड सच्छिद्र, कुर्ल्याचा काळा बेसाल्ट घट्ट. दगडांमधले सांधे सिमेंटने भरले की ओल सांध्यातून न निघता पिवळ्या दगडातून निघते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि वरचा थर सुटतो. जुनं सिमेंट छिन्नीनेच काढावं. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. खोली सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट. सांधा धुऊन ओलसर ठेवायचा, १ भाग चुना आणि अडीच ते ३ भाग धुतलेली वाळू भरायची, वर आठवडाभर ओलं गोणपाट. भर पावसाळ्यात हे काम नको. चकाकीसाठी वरून सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) मारणं म्हणजे ओल आत कोंडणं.

गवाक्ष:
समजलं. गेटवे समोरच्या रस्त्याला तिरका का?

फोर्टकर:
पायाभरणी ३१ मार्च १९१३ची, अंतिम आराखडा मंजूर झाला १९१४मध्ये. आधी समुद्रात भराव, मग बांधकाम; उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ला. तोवर विटेट सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेला होता. कमानीच्या रेषेत यायचा भव्य रस्ता पैशाअभावी झालाच नाही. त्यामुळे आपण जुन्याच रस्त्याने बाजूने येतो. नीट समोरून बघायचा तर एलिफंटाच्या लाँचमधून.