मदत हवी आहे: गावचा गणपती, माहेरच्या गौरी आणि दोन लहान पोरं. काय धरू, काय सोडू?

ठाणेकर_सूनबाई

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही ठाण्यात राहतो. सासर कणकवलीजवळ. गावच्या घरी पाच दिवसांचा गणपती, घरात सासू-सासरे, मोठे दीर-जाऊ, आणि चतुर्थीला मुंबईहून येणारे चुलते धरून वीस-बावीस माणसं. मुलगा पाच वर्षांचा. मुलगी आत्ता नऊ महिन्यांची आहे, गणपतीत अकरा महिन्यांची होईल. रांगते. रांगते म्हणजे पळते.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. विसर्जन शुक्रवारी १८ ला. आणि नेमकं त्याच दिवशी गौरीपूजन. सासरी गौर नाही, पण पुण्याला माझी आई उभ्या गौरी बसवते. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते, भाऊ परदेशात. आई तोंडाने काही म्हणत नाही. फोनवर फक्त एवढंच म्हणाली, "मुखवटे पुसून ठेवलेत."

गेल्या वर्षी मला आठवा महिना होता म्हणून कुठेच गेलो नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ ला गेलो होतो. तेव्हाचं सांगते म्हणजे माझी अडचण कळेल. चतुर्थीला पहाटे साडेचारला उठले ती रात्री साडेअकरापर्यंत मागच्या पडवीत. उकड, सारण, शंभरेक मोदक, पानं वाढणं, उष्टी काढणं, संध्याकाळचा चहा, भजनी मंडळींची उसळ. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. काकांनी त्याला हातात झांज दिली होती. दुपारच्या आरतीला तो दोनदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला, "आई, बघ ना, मी वाजवतोय." माझे दोन्ही हात उकडीत. मी म्हटलं, आले आले. तिसऱ्यांदा आला तो झांज खाली ठेवून. म्हणाला, "संपली आरती."

पाच दिवसांत मला एकही आरती पूर्ण मिळाली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई वाईट नाहीत हो. त्या स्वतः त्याच पडवीत माझ्या शेजारी होत्या, गुडघा धरून.

आता प्रश्न:

एक, शुक्रवारी विसर्जन सोडून पुण्याला जाऊ का? गुरुवारी निघून कोल्हापूरमार्गे गेलं तरी सात-आठ तास, बाळाला घेऊन. की आईलाच गावी बोलवू? पण मग तिच्या गौरींचं काय?

दोन, रांगत्या बाळाला घेऊन गावच्या घरात कसं सांभाळता? समई जमिनीवर, निरांजनं जमिनीवर, माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळा-पानांची चौकट) खालपर्यंत लोंबणारी, ओली पडवी, डास.

तीन, आणि खरा प्रश्न हाच आहे. काम कमी करायचं हे सासूबाईंना कसं सांगू? नवरा म्हणतो "तू बोल, तुमचं चांगलं जमतं." (हे वाक्य कुठल्या शाळेत शिकवतात?)

दोन_पिल्लांची_आई

आधी तिकिटं! बाकी चर्चा नंतर. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. १२ किंवा १३ सप्टेंबरला निघायचं असेल तर ते याच महिन्यात उघडेल, आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. नाही मिळालं तर जादा गाड्या जाहीर होतात त्यावर लक्ष ठेवा. मुलगा पाच पूर्ण असेल तर त्याचा बर्थ वेगळा काढा. पूर्ण तिकीट पडतं, पण बाळ मांडीवर आणि हा पायाशी असा प्रवास करू नका, मी केलाय. पावसाळी वेळापत्रकात गाडी अशीही सावकाशच जाते.

दिवसाची गाडी घ्या. मांडवी एक्स्प्रेसमध्ये खायला चांगलं मिळतं, मुलगा खिडकीत रमेल. आम्ही दोन बर्थच्या मधे सुती साडीची झोळी बांधली होती, लेक चिपळूण ते कुडाळ झोपली. गाठ मात्र घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून शिकून घ्या.

देवगडचो_झील

रस्त्याने जाणार असाल तर शनिवारी अजिबात निघू नका. आम्ही दर वर्षी शुक्रवारी पहाटे तीनला निघतो, मुलं झोपेतच गाडीत टाकायची. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटातली वळणं वाचली, उलट्या निम्म्या झाल्या. गणेशभक्तांना टोलमाफीचा पास मिळतो, तो आधी काढून ठेवा.

माटवीबद्दल एक. तिला जी लाल कवंडळं बांधतात ती दिसायला टोमॅटोसारखी, पण खायची नसतात. आमच्या भाचीने एक तोंडात घातलं होतं. कडू लागलं म्हणून थुंकली, नाहीतर काय झालं असतं. तुमच्याकडे दोन पोरं आहेत तर कवंडळं वरच्या कडेला बांधायला सांगा, खाली तवसं (मोठी काकडी), नारळ, आंब्याचे टाळे.

मीनलताई_पुणे

सूनबाई, तुमचा झांजेचा प्रसंग वाचून मी भांडी घासायची थांबले.

बाळाचं सांगते. पंचामृत देऊ नका! त्यात मध असतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, थेंबभरसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्यांना गंभीर आजार होऊ शकतो. गावी प्रत्येक घरी आरतीला न्याल आणि प्रत्येक घरची आजी प्रेमाने बोट चाटवायला येईल. मी लेकीच्या वेळी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "डॉक्टरांनी बंद केलंय." डॉक्टरचं नाव घेतलं की वाद होत नाही. शेंगदाणे, फुटाणे, खडीसाखरेचा प्रसादही बाळाच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतो. खरं तर पाच वर्षांच्या मुलालाही पळताना नको.

समईसाठी: आम्ही देवासमोर दोन जुने पाट उभे करून कुंपण केलं, मधे रांगोळी. दिसायलाही बरं दिसलं. मखराजवळ पाळीपाळीने एक मोठं माणूस हवंच, घरात वीस माणसं आहेत तर हे काम सासऱ्यांकडे द्या. डासांसाठी बाळाची मच्छरदाणी घरून न्या, गावच्या दुकानात ऐन वेळी मिळेलच असं नाही.

जुनाखोडकर

रागावू नका, पण आमच्या आईने पाच पोरं सांभाळून सगळं केलं. गॅस नव्हता. हल्ली फार विचार करतात.

दोन_पिल्लांची_आई

@जुनाखोडकर, तुमच्या आईला कधी विचारलंत का, आरती मिळायची का म्हणून?

जुनाखोडकर

नाही विचारलं. ती आता नाही.

…खरंय. ती आरतीला दारातच उभी असायची. हात पदराला पुसत. बाकी सूचना नाही माझी.

मालवणी_आवशी

गो बाय, शंभर मोदक कित्याक? देवाक एकवीस पुरे. माणसांका खीर घाल.

आता नीट सांगते. मी पासष्ट वर्षांची, दोन सुनांची सासू. सुनेने "मला जमत नाही" म्हटलं की सासूला ऐकू येतं "तुमचं मला नको." म्हणून असं बोलू नकोस. असं बोल: "आई, यंदा तुमच्या गुडघ्याला पाटावर बसवत नाही, मला बाळ सोडवत नाही. मोदक एकवीसच करू, बाकीच्यांना खीर नाहीतर पातोळे करू." पातोळे हळदीच्या पानात थापून उकडायचे, ते कोणीही थापू शकतं, पोरगासुद्धा. मोदकाला कळ्या पाडायला हात बसलेला लागतो, तिथे वेळ जातो. ऋषिपंचमीला तर ऋषीची भाजी एका टोपात होते, त्या दिवशी हलकं असतं. आणि हे बोलायचं आत्ता, फोनवर. चतुर्थीच्या आदल्या रात्री बोललीस तर मीही चिडेन.

नवऱ्याला सांग, आई तुझी आहे, पहिला फोन तू कर.

ठाणेकर_सूनबाई

सगळ्यांचे आभार. मधाचं मला माहीतच नव्हतं! मुलाला बाराव्या दिवशी चाटवला होता.

@मालवणी_आवशी, तुमची प्रतिक्रिया नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो "बरं" म्हणून गॅलरीत गेला.

गौरींबद्दल कुणी काही बोलतच नाहीये. ते जास्त टोचतंय.

मीनलताई_पुणे

मुद्दाम टाळलं, कारण उत्तर सोपं नाही. आमच्याकडे असंच झालं होतं. दोन्हीकडे धावले, दोन्हीकडे उशिरा पोचले, मुलाला ताप आला. चार दिवसांत दोन घरं आणि मधे घाट हे अकरा महिन्यांच्या बाळाला झेपत नाही. एक धरा.

पण आईला नुसतं "यंदा जमत नाही" म्हणू नका. गौरी आणायला, सजवायला माणूस लागतं, ते आधी उभं करा. शेजारची, मावशी, कुणी सोसायटीतली. पुण्यात सवाष्ण-ब्राह्मण आणि सोळा भाज्या सांगून मिळतात, पुरणपोळ्या तर घरपोच येतात. पैसे तुम्ही द्या, आईला कळू न देता. आवाहनाला तुम्ही फोनवर बघा, लेकराला "गौरी आल्या" म्हणायला लावा. आणि गणपतीनंतर शनिवार-रविवार जोडून मुलांना घेऊन आईकडे चार दिवस खरंच जाऊन राहा. पुढच्या वर्षी उलट करा, आधी गौरी. हे आत्ताच सासरी बोलून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नव्याने भांडण नको.

देवगडचो_झील

भाऊ परदेशात आहे ना? पैशाचा भाग त्याच्याकडे द्या. वेळ त्याच्याकडे नसेल, डॉलर असतील.

ठाणेकर_सूनबाई (आठ दिवसांनी)

अपडेट देते, कारण अर्धवट सोडलेल्या धाग्यांचा मला स्वतःला राग येतो.

तिकिटं मिळाली. १२ सप्टेंबरची मांडवी, तीन बर्थ पक्के, परतीचं वेटिंग.

आईशी बोलले. दोन मिनिटं शांत होती. मग म्हणाली, "बाळीला ताप आणून गौरी आणायच्या नाहीत मला." भावाला फोन लावला, त्याने पैसे पाठवलेही. समोरच्या काकू मुखवटे बसवायला येणार आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आईकडे. मी तरी त्या दिवशी विसर्जनाला रडणार आहे, ते चालेल.

सासूबाईंना नवऱ्यानेच पहिला फोन केला. मी बाजूला उभी होते, हाताने खुणा करत. एकवीस मोदकांचं त्यांनी लगेच मान्य केलं, मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लगेच. खीर नको म्हणाल्या, पातोळे करू. पाट उभे करायचं सासऱ्यांना आवडलं, त्यांनी कुंपणाला झेंडूची तोरणं लावायचं ठरवूनही टाकलं. दुपारच्या आरतीला सगळ्या बायका पुढच्या ओटीवर, जेवण अर्धा तास उशिरा, हेही ठरलं.

अडलं ते भजनाच्या उसळीपाशी. तिसऱ्या दिवशी रात्री वाडीतले भजनी येतात, चाळीसेक माणसं, त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव. मी सुचवलं की त्याऐवजी बाहेरून भजी आणू. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरची भजी दिली तर बुवा पुढच्या वर्षी आपल्याकडे शेवटी येईल, रात्री दोनला." यावर त्या एक इंचही हटल्या नाहीत, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

तर उसळ नवरा करणार असं ठरलंय. त्याने आजवर मॅगी केली आहे. कुणी सांगेल का, चाळीस माणसांना किलोने किती वाटाणे, आणि वाटणाला किती नारळ?

मालवणी_आवशी

वाटाणे कोरडे अडीच किलो घे. आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी नाही, नाहीतर रात्रीपर्यंत शिजत बसतील. नारळ सहा, कांदा-खोबरं भाजून वाटायचं. वाटण जाऊबाईंच्या मिक्सरवर आदल्या दिवशी करून ठेवा. मीठ शेवटी.

आणि त्याला सांग, खाली लागली तर ढवळू नकोस. वरची वर काढून दुसऱ्या टोपात घाल.