इंग्रजी षष्ठी : अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी की नंतर?

प्रश्न :
एकवचनी नामाला अपॉस्ट्रॉफी आणि 'एस' लावून षष्ठी होते, एवढे मला समजते. परंतु 'बॉइज' या अनेकवचनाला शेवटी केवळ चिन्ह पुरते आणि 'चिल्ड्रन'ला मात्र चिन्हासह 'एस' जोडावा लागतो, यामागे नियम एकच आहे की दोन? शिवाय मुलगा एक आणि पुस्तके अनेक असतील, तर माझा हमखास गोंधळ होतो.

प्रतिसाद 1 :
नियम एकच आहे. मालक एक आहे की अनेक, हे ठरवून आधी त्या नामाचे रूप पूर्ण लिहावे. ते 'एस'ने संपणारे अनेकवचन असेल तर नुसती अपॉस्ट्रॉफी द्यावी, एरवी अपॉस्ट्रॉफी आणि 'एस' दोन्ही द्यावे. 'चिल्ड्रन' अनेकवचन असले तरी 'एस'ने संपत नाही, म्हणून त्याला 'एस' लागतो. पुस्तकांबाबतचा आपला गोंधळ मराठीतून आलेला असावा, कारण आपला 'चा-ची-चे' प्रत्यय वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, तर इंग्रजी षष्ठीला वस्तूशी काही देणेघेणे नसते. मालकाचे वचन मात्र आपणही दाखवतोच: 'मुलाची' आणि 'मुलांची' यांत फरक आहे तो अनुस्वाराचा. 'बॉय'सारख्या शब्दांत त्या अनुस्वाराचे काम चिन्हाची जागा करते.

प्रतिसाद 2 :
येथे कानावर विसंबून चालत नाही, कारण 'बॉय'चे साधे अनेकवचन आणि दोन्ही वचनांतील षष्ठी, ही तिन्ही रूपे उच्चारात एकच आहेत. जुन्या इंग्रजीत अनेक नामांची एकवचनी षष्ठी 'ईएस'ने होत असे. त्यातील गळालेल्या 'ई'ची खूण म्हणून हे चिन्ह आले, असे मानले जाते. अनेकवचनानंतर ते देण्याची प्रथा बरीच उशिरा, 18व्या शतकाच्या सुमारास रुळू लागली.

प्रतिसाद 3 :
'जेम्स'सारख्या, 'एस'ने संपणाऱ्या विशेषनामांबाबत मात्र तज्ज्ञांतच एकमत नाही. शिकागो मॅन्युअल ही अमेरिकी लेखनशैली-पुस्तिका पुढे आणखी एक 'एस' लावण्यास सांगते, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली केवळ चिन्हावर भागवते. लंडनमधील सेंट जेम्सेस पार्क या उद्यानाच्या नावात तो जादा 'एस' आहे. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाचे नाव जवळजवळ तेच असून त्यात तो नाही. कोणतीही एक पद्धत स्वीकारावी आणि त्या लेखनात ती शेवटपर्यंत पाळावी.

प्रश्नकर्ता :
म्हणजे एका मुलाची दहा पुस्तके असली, तरी चिन्ह 'एस'च्या आधीच येईल?

प्रतिसाद 1 :
होय, आणि दहा मुलांचे मिळून एकच पुस्तक असेल, तर 'एस'च्या नंतर.