जुलाब थांबले, पण पिल्लू जेवत नाही – मदत हवी आहे

गावठी कुत्र्याचं पिल्लू, मादी, तीन महिन्यांची, वजन ५ किलो. मागच्या आठवड्यात जुलाब आणि उलट्या झाल्या. पार्व्होची (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा विषाणूजन्य आजार) टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल (अँटिबायोटिक) दिलं, गोळी कुस्करून चिकन-भातात घालत होतो. कोर्स काल संपला. शी घट्ट आहे, पाणी पिते, खेळते. पण ताटलीजवळ येऊन हुंगते आणि मागे सरते. हातातून बिस्किट मात्र खाते. जबरदस्तीने भरवावं का? भुकेचं टॉनिक चालेल का?

प्रतिसाद १

बिस्किट खाते म्हणजे भूक आहे, संशय त्या जेवणावर आहे. मेट्रोनिडाझोल फार कडू. कुस्करली की कडवटपणा सगळ्या घासांत उतरतो, आणि मळमळत असताना खाल्लेला पदार्थ कुत्री विसरत नाहीत. त्यामुळे जबरदस्ती अजिबात नको. सिरिंजने ढकललेलं अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि जेवणाची धास्ती वाढते ती वेगळीच.

चिकन-भात आठवडाभर बंद. ताटली आणि जागा दोन्ही बदला. उकडलेलं अंडं कुस्करून दुप्पट मऊ भातात कालवा, किंवा काटे नीट काढलेला उकडलेला मासा घ्या. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कोमट करून द्या, वास सुटतो आणि पिल्लू वासानेच जेवतं. पहिल्या दिवशी एका वेळी ५० ग्रॅमच्या आसपास, दिवसातून पाच वेळा. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर न बोलता ताटली उचला. मधे बिस्किटं देत राहिलात तर ती त्यांचीच वाट बघत बसेल. दूधही नको, जुलाब परत लागतील.

नीट खायला लागली की नेहमीचं खाणं आधी पाव भाग मिसळा आणि आठवडाभरात पूर्ण त्यावर आणा. ड्राय फूड असेल तर कोमट पाण्यात भिजवून द्या. दुधाचे दात पडायची वेळ जवळ आली आहे, कडक दाणे हिरड्यांना टोचतात.

प्रतिसाद २

वरचं सगळं ती खेळती आहे तोवरच. या वयात १२ तास पोटात काहीच गेलं नाही, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. लडखडत असेल किंवा अंग थरथरत असेल तर साखर उतरलेली असू शकते. हिरड्यांना थोडा मध चोळा आणि लगेच निघा.

हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. निरोगी पिल्लाचं गुदद्वारातून घेतलेलं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०३ च्या वर गेलं तर दाखवा. कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. हिरड्या फिकट आणि ताप असेल तर रक्ततपासणी करून घ्या, गोचीडतापात भूक अशीच मरते. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका.

प्रतिसाद ३

टॉनिकआधी जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते बघा. तीन महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, डोस वजनावर, डॉक्टरांना विचारून. लस द्यायची असेल तर ती नीट जेवू लागेपर्यंत पुढे ढकलायची का, तेही विचारा. रोज सकाळी शी झाल्यावर वजन करा. या वयात वजन वाढायलाच हवं, सलग तीन दिवस तिथेच राहिलं तर परत दाखवा.

धागाकर्ता

धन्यवाद. पुढे गोळी द्यायची झाली तर?

प्रतिसाद १

जेवणात कधीच नाही. पनीरचे तीन छोटे तुकडे करा. पहिला नुसता, दुसऱ्यात अख्खी गोळी दडवलेली, आणि तो तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जातो.