मे महिन्यात आई-बाबांना घेऊन युरोपात गाडीने फिरायचंय, प्लॅन बघून सांगा प्लीज

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी, मे मध्ये मुलीला सुट्टी लागली की १५ दिवस युरोपला जायचं म्हणतोय. पाच जण आहोत, मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. बाबा ६९ चे आहेत आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणून ग्रुप टूर नको वाटली, रोज सकाळी सातला बसमध्ये बसा आणि दिवसभर चाला हे तिला झेपायचं नाही, आपली गाडी असली की हवं तिथे थांबता येतं. सध्या ठरवलंय ते असं, पॅरिसला गाडी घ्यायची, मग ॲमस्टरडॅम, ल्युसर्न, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग आणि परत पॅरिसला सोडायची. मॅपवर ३८०० किमी च्या आसपास दाखवतंय. पुणे-गोवा, पुणे-हंपी मी बऱ्याचदा एकट्याने चालवत गेलोय, चालवायचा कंटाळा नाहीये. पण तिकडे उजव्या बाजूने चालवायचं, प्रत्येक देशाचा टोल वेगळा, शिवाय गाडी सात सीटर घ्यावी की पाच? आई-बाबांना परत एवढ्या लांब नेणं होईल असं वाटत नाही, त्यामुळे नीट व्हावं एवढीच इच्छा आहे.

औंधची भटकी
दादा, स्पष्टच सांगते, हा रूट नका करू. ३८०० किमी म्हणजे नुसते गाडीत बसायचे ४० तासांच्या वर जातात आणि चालवणारे तुम्ही एकटे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालण्याइतकंच एका जागी पाय दुमडून बसणंही त्रासाचं होतं, माझ्या सासूबाईंना दोन तासांनंतर गाडीतून उतरताना धरून उभं करावं लागायचं. तेव्हापासून आम्ही दिवसाला तीन तासांच्या वर ड्रायव्हिंग ठेवतच नाही.

आम्ही केलेला लूप सांगते, म्युनिकला गाडी घेतली आणि तिथेच परत केली (दुसऱ्या देशात सोडली की वन-वेचे भरपूर पैसे लावतात). म्युनिकहून साल्झबर्ग १४५ किमी, तिथून स्लोव्हेनियातलं ब्लेड, मग व्हेनिस, मग डोलोमाइट्सचे डोंगर आणि ब्रेनर घाटावरून इन्सब्रुक करून परत म्युनिक. सगळं मिळून बाराशे किमी च्या आसपास आणि देश चार. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन रात्री राहिलो. ब्लेडला सासूबाई सकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसायच्या, समोर बेटावरचं चर्च आणि होड्या, दोन तास हलायच्या नाहीत. त्यांना ट्रिपमधलं अजूनही तेच आठवतं.

आईंना पॅरिस बघायचंच असेल तर आधी तीन दिवस तिथे गाडीशिवाय राहा, मग विमानाने म्युनिक. स्विसच्या उंच घाटांच्या भरवशावर मे चा प्लॅन नको, फुर्का, ग्रिम्झेल वगैरे बर्फामुळे बहुतेक जून उजाडेपर्यंत बंदच असतात.

आणि हो, रूट बदलला की व्हिसाचा देशही बदलू शकतो. ज्या देशात जास्त रात्री त्यांच्याकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मे ची गर्दी असते तेव्हा लवकर अपॉइंटमेंट घ्या. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो.

सहकारनगर ते स्टेल्व्हिओ
रूटचं ताईंनी सांगितलंच आहे, मी गाडीचं सांगतो. ऑटोमॅटिकच घ्या, जास्त पैसे पडले तरी, उजव्या हाताने गिअर बदलत नवीन चौक समजून घेणं पहिल्या दिवशी फार जड जातं. लक्षात एवढंच ठेवा की ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या रेषेकडे. आपल्याला उजवीकडे बसायची सवय, त्यामुळे नकळत गाडी उजव्या कडेला सरकते आणि आरसा पार्क केलेल्या गाड्यांना लागायला येतो. इंडिकेटरही डाव्या हाताला, सुरुवातीला वळताना वायपर सुरू होतो. विमानातून उतरून लगेच लांब निघू नका, एक रात्र झोपा.

जिथे काही बोर्ड नाही त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्याकडे कोणी पाळत नाही पण तिकडे समोरचा ते गृहीत धरूनच येतो. ऑटोबानवर (जर्मनीतला एक्स्प्रेसवे) उजवीकडून ओव्हरटेक अजिबात नाही.

टोल: जर्मनीत कारला नाही. ऑस्ट्रियात आणि स्लोव्हेनियात व्हिनेट (ठरावीक मुदतीचा हायवे पास) घ्यावं लागतं, शिवाय ऑस्ट्रियात ब्रेनर आणि टाउएर्न टनेलचा टोल वेगळा. इटलीत आपल्यासारखाच नाक्यावर किलोमीटरप्रमाणे. स्वित्झर्लंडमध्ये एक दिवस गेलात तरी वर्षाचंच व्हिनेट, ४० फ्रँक.

इटलीत झेडटीएल सांभाळा, म्हणजे शहरांतले बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेले भाग. पांढरा गोल बोर्ड, लाल कडा, त्याच्या आत परवान्याशिवाय गाडी नाही, कॅमेरा असतो. फ्लॉरेन्सला रात्री हॉटेल शोधताना मी दोनदा आत गेलो, तिथे कोणी अडवलं नाही, पण नंतर भाड्याच्या कंपनीने कार्डावरून प्रोसेसिंग फी कापली आणि दंडाचं पत्र घरी आलं ते वेगळं. आणि पंपावर 'गॅसोलिओ' लिहिलेलं म्हणजे डिझेल, पेट्रोलला 'बेंझिना'.

पाच जणांना मोठ्या डिकीची स्टेशन वॅगन बरी, सात सीटरमध्ये मागच्या सीट उघडल्या की बॅगांना जागा उरत नाही. मुलीसाठी बूस्टर सीट सक्तीची आहे, आधीच बुक करा. डिपॉझिट ड्रायव्हरच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर ब्लॉक होतं, लिमिट बघून घ्या. आयडीपी (परदेशात गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना) आरटीओतून काढा, वहिनींचंही काढा आणि करारात दुसरी ड्रायव्हर म्हणून नाव घाला.

पेठेतली आजी
खाण्याचं कोणी बोललंच नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड-भाजी शनिवारीच भरून ठेवा. किचन असलेलं घर घ्या, संध्याकाळी वरण-भात मिळाला की म्हाताऱ्या माणसांचा अर्धा शीण जातो. घर तळमजल्यावरचं किंवा लिफ्टवालं आहे का ते विचारा, जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. बाकरवडी, मेतकूट, भाजणी न्या, पण तूप, पेढे, खव्याचं काही नाही, दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. आंबेही कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत.

कर्वेनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आई-बाबांना ब्लेडचे फोटो दाखवले, आई म्हणाली मला त्या बाकावरच बसव, पॅरिस नाही झालं तरी चालेल. तर म्युनिकचा लूप फायनल. बाबांचा हापूसची पेटी न्यायचा विचार होता, त्यांना सांगितलंय. बायको पण चालवायला तयार आहे, या आठवड्यात दोघांच्या आयडीपीचे अर्ज भरतोय. ताई, ब्लेडला तुम्ही तळ्याच्या कुठल्या बाजूला राहिला होतात? आईला घरापासून बाकापर्यंत चढ नको.

औंधची भटकी
बसस्टँडच्या बाजूला, गावात. तिथून तळ्यापर्यंत थोडा उतार आहे, पण काठचा रस्ता सपाट आहे. आईंना गाडीने खाली सोडा आणि मग पार्किंग शोधा, आम्ही रोज तसंच करायचो.