मोबाईलवर सेकंद दाखवणारे घड्याळ : सोलापूरकरांचे अनुभव

मोबाईलच्या पडद्यावर तास आणि मिनिटे सहज दिसतात, सेकंद मात्र शोधावे लागतात. ज्यांच्या कामात सेकंदाला महत्त्व आहे अशा सोलापूरकरांनी कोणते ॲप निवडले, का निवडले आणि त्यावरची वेळ बरोबर असल्याची खात्री कशी केली, हे कृपया सविस्तर लिहावे. आरंभ म्हणून एवढेच सांगतो की गूगलच्या घड्याळ ॲपच्या सेटिंग्जमध्ये सेकंदांसह वेळ दाखवण्याचा पर्याय आहे, त्यामुळे नवे काही उतरवून घेण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.

आशा स्वयंसेविका, उत्तर सोलापूर तालुका
खोकला झालेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. २ महिने ते १ वर्षाच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे असे धरून त्याला लगेच आरोग्य केंद्रात पाठवायचे असते. मोजताना नजर बाळाच्या छातीवरच राहायला हवी. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर मोठे पांढरे आकडे दाखवणारे ॲप मी निवडले आणि फोन बाळाच्या शेजारीच ठेवते, म्हणजे मान न वळवता सेकंद दिसतात. बाळ रडत असेल तर आधी आईकडून त्याला शांत करून घ्यावे, कारण रडताना मोजलेला आकडा उपयोगाचा नसतो. इंटरनेट नसतानाही चालणारे ॲपच घ्या, असे माझ्या सहकारी ताईंना मी आग्रहाने सांगते.

रेल्वेने नेहमी पुण्या-मुंबईला जाणारे एक व्यापारी
तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते. तिथे आपल्या फोनच्या सेकंदांपेक्षा आरक्षणाच्या संकेतस्थळावर दिसणारे घड्याळ महत्त्वाचे असते, म्हणून मी त्याच्याकडेच पाहतो. फोनमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवावा. ‘टाइम डॉट इज’ हे संकेतस्थळ आपल्या फोनचे घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते सेकंदाच्या अंशापर्यंत सांगते, त्यामुळे वेगळ्या ॲपची मला गरज वाटली नाही.

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर
आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची आमच्या पिढीची सवय आहे आणि ती चांगली आहे, परंतु त्यासाठी रेडिओ संचच हवा. तेच प्रसारण मोबाईलवर इंटरनेटद्वारे ऐकले तर आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आण्विक घड्याळांच्या साहाय्याने राखली जाते, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे.

आयफोन वापरणारी एक विद्यार्थिनी
आयफोनवर घड्याळाच्या चिन्हातला सेकंद काटा खरोखर फिरतो, पण आकड्यांत सेकंद हवे असल्यास वेगळे ॲप घ्यावे लागते. मला सापडलेले पहिले ॲप संपर्क यादी पाहण्याची परवानगी मागत होते. घड्याळाला माझ्या मैत्रिणींच्या क्रमांकांचे काय काम? ते काढून टाकले आणि कोणतीही परवानगी न मागणारे घेतले.

मोबाईल दुरुस्ती करणारे, नवी पेठ
काही ॲन्ड्रॉइड फोनमध्ये वरच्या पट्टीतच सेकंद दाखवण्याचा पर्याय असतो. परंतु सेकंद दाखवायचे म्हणजे पडद्यावरचा आकडा दर सेकंदाला बदलावा लागतो, त्यामुळे बॅटरी थोडी अधिक खर्च होते. आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगतो: ओएलईडी पडद्यावर (ज्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) तेच घड्याळ रात्रभर एकाच जागी, पूर्ण उजेडात ठेवत राहिल्यास आकड्यांचा पुसट डाग कायमचा राहू शकतो. उशाशी घड्याळ म्हणून फोन ठेवायचा असेल तर उजेड कमी ठेवावा आणि आकड्यांची जागा थोड्या थोड्या वेळाने बदलणारे ॲप निवडावे.