उत्तर: काउंटीची सरासरी आणि आपलं शेत
वर कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेत शेतकऱ्याचं नुकसान झालं की सरकार लगेच चेक पाठवतं. अर्धवट खरं आहे ते. 2014 च्या फार्म बिलात, म्हणजे तिकडच्या शेतीच्या कायद्यात, सरसकट मिळणारे डायरेक्ट पेमेंट बंद झाले आणि एआरसी (अ‍ॅग्रिकल्चर रिस्क कव्हरेज) नावाची स्कीम आली, तिच्या काउंटीवाल्या प्रकारात (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) तुमच्या शेतात काय पिकलं हे कोणी बघतच नाही, अख्ख्या काउंटीचं सरासरी उत्पन्न, म्हणजे पीक गुणिले भाव, ठरलेल्या पातळीच्या 86 टक्क्यांखाली (2025 च्या पिकापासून 90) गेलं तरच पैसे. तेही पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर! आणि मोजतात कशावर, तर बेस एकरवर, म्हणजे जुन्या पेऱ्याच्या नोंदीवर, मग आत्ता तिथे मका असो नाहीतर सोयाबीन.

मी अमेरिकेत आयोवा राज्यात होतो तेव्हा ऑफिसातला एक जण वडिलांबरोबर शेती करायचा, त्यांच्या शेताला लागून खडीचा रस्ता, पलीकडे दुसरी काउंटी. माती तीच, पाऊस तोच, पण एका वर्षी पलीकडच्याला पैसे आले आणि ह्यांना छदाम नाही. म्हातारा जाम वैतागलेला. त्यात गंमत म्हणजे तेव्हा शेताची फाइल ज्या काउंटीच्या ऑफिसात असेल तिथला दर लागायचा, जमीन कुठेही असो, ते 2018 च्या बिलात सुधारलं. मला तर आपला पीकविमाच आठवला, महसूल मंडळाचं उत्पादन सरासरीत बसलं की ज्याचं खरंच बुडालं तो बोंबलत बसतो.